कोरडा मुलूख

अल खफजी, सौदी अरेबिया
ता. २० ऑगस्ट २००४

ती. शोभाताईस,
दौलतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. मेसमध्ये पत्रं वाटतात तेव्हा मी लांबूनच पाकीट ओळखतो, कारण एवढं वळणदार अक्षर कॅम्पात दुसऱ्या कुणाच्या घरून येत नाही. मास्तरीण बहीण असण्याचा एवढा एक फायदा. तोटे माझे लहानपणीच भोगून झालेत. फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस, पण बूथवर मागचे लोक घसे खाकरायला लागले की मला एक शब्द सुचत नाही आणि फोन ठेवल्यावर सगळं आठवतं. पत्र लिहिताना निदान कुणी खाकरत नाही.

माझी तब्येत बरी आहे. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरचे गंजलेले पाइप यार्डात येतात, आम्ही फिटर लोक तसेच नवे जुळवून परत पाठवतो. सकाळी नऊनंतर हातमोज्याशिवाय पाना धरवत नाही. समुद्र खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण आपल्या समुद्रासारखा गाजत नाही, नुसता पडून असतो. खोलीत माझ्याबरोबर दाभोळचा जाफर आहे. धोपाव्याच्या धक्क्यावरून पलीकडे दिसतं ते त्याचं गाव. एवढ्या जवळचा माणूस, पण भेटायला दोघांना विमानात बसावं लागलं. तो बांगड्याचं तिखलं करतो तेव्हा मी आईची आठवण काढतो आणि तो त्याच्या आईची, आणि मग दोघेही तिखटाचं निमित्त सांगून डोळे पुसतो.

आता कामाचं. मार्चमध्ये माझी रजा बसते आणि शिमगा बरोबर त्याच सुमारास आहे. यायचं म्हणतो. रात्री पडल्या पडल्या ढोल ऐकू आल्यासारखा वाटतो. पालखी आपल्या घाटीवरून उतरते तेव्हा आई अंगण सारवून, ओटी भरायचं ताट घेऊन कशी उभी राहायची आणि तू तिच्या मागे नाक उडवत, ते सगळं डोळ्यांसमोर येतं. स्वप्नालीला विचारून कळव. तिने अजून एकही ओळ लिहिलेली नाही. लिही असं म्हणू नकोस, नुसती मी वाट बघतो म्हणून सांग.

रोशनीला तिच्या बाबांकडून खूप पापे. तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
दौलत

---

॥ श्री ॥

ता. १२ सप्टेंबर २००४

चि. दौलत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपती सहा दिवसांवर आले आणि मखराला हात लावायला घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून मी आणि स्वप्नालीने मिळून लावलं. किंचित डावीकडे कललंय. बाप्पा समजून घेतील, ते काही तुझ्यासारखे फिटर नाहीत. रोशनी आरत्या पाठ म्हणते आणि मध्येच इंग्रजी कविता घुसवते. उंची वाढलीय, तुला ओळखू यायची नाही.

तुला सांगते, आजकाल मी मान वर करून चालते. शृंगारतळीच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतंच, दौलतचं कसं काय. मी सांगते की देवानेच त्याला अशा मुलखात नेऊन ठेवलाय जिथे औषधालासुद्धा थेंब मिळत नाही. कोरडा मुलूख म्हणजे कोरडा. परवा तर वरच्या आळीतली एक आई आपल्या मुलाचा पासपोर्ट काढून घ्यायला आली माझ्याकडे, की माझ्याही पोराला तिकडेच पाठवा, तुमच्या भावासारखा सुधारेल.

म्हणूनच शिमग्याचं मनातून काढून टाक. वाईट वाटेल, पण मी मोठी आहे, मला बोललं पाहिजे. पालखी तुझ्या खांद्यावरून कशी कलंडली ते मी काढत नाही, पण गाव विसरलेला नाही, आणि स्वप्नाली तर नाहीच. त्या वेळी ती पोरीला घेऊन माहेरी गेली ती वर्षभर आली नाही. चिपळूणला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला लागलास, सुटलास, हे खरं. पण शिमग्यात घरोघर बाटल्या फुटतात आणि तुला आग्रह करणारे तेच सगळे तिथे असतात. तिथे आहेस म्हणून चांगला आहेस. स्वप्नालीला विचारलं. ती म्हणाली की त्यांना सांगा, रोशनीचा अभ्यास चांगला चाललाय आणि जमलं तर आणखी दोन वर्षं तिकडेच थांबा. मी पण तेच म्हणते. विषाची परीक्षा कशाला?

रागावू नकोस. रागावलास तर जेवून मग रागव. ताईवरचा लोभ मात्र आहे तेवढाच ठेव.

तुझी,
शोभाताई

---

अल खफजी
ता. १ ऑक्टोबर २००४

ती. स्व. भाऊसाहेब यांस,
दौलतचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून पत्र लिहितो, आणि फोनवर हे बोलता येणार नाही म्हणूनही. ताईला यातलं काही सांगू नका.

सगळ्या कोकणाला वाटतं की सौदीत दारू नाही. मलाही वाटलं होतं, आलोच त्यासाठी. भाऊसाहेब, माझ्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे आणि पलीकडच्या खोलीत पिंपात फळांचा रस आंबत असतो. गुरुवारी संध्याकाळी गाळतात, कारण शुक्रवारी सुट्टी. पकडले गेले तर तुरुंग आणि मग इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होऊन घरी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी करतात. वास भिंतीतून येतो. मी उशी तोंडावर घेऊन पडतो. अजून घोट घेतलेला नाही. पण चिपळूणला जसं मनात आलं की तुमच्याकडे येऊन सांगायचो, तसं इथे कुणाला सांगू? सांगायचं म्हणजे आधी मी कोण ते सांगायला हवं. कॅम्प बॉसच्या कानावर गेलं तर तो नीट ऐकून घेईल की पोलिसांना बोलावील, मला माहीत नाही. जाफरलाही बोललेलो नाही. तो पाच वेळा नमाज पढणारा माणूस, त्याच्या मनातून उतरेन अशी भीती वाटते.

ताई आणि स्वप्नाली म्हणतात येऊ नकोस, तिथेच राहा. त्यांचा विश्वास माझ्यावर नाही, या देशावर आहे. खरं सांगितलं तर तोही जाईल. मग माझ्या हातात काय राहणार?

रविवारची फार आठवण येते. शृंगारतळीच्या स्टँडवर पहाटेची एस.टी., खिडकीला डोकं टेकून झोप, आणि मग चिपळूणची ती बालवाडी. भिंतीवर गाजर, मोर आणि ससा. आपण सगळे बाप्ये त्या इवल्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचो. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी थट्टा करायलाच इथे बसवलंय. मग तुम्ही नाव सांगितलंत, आपण दारुडे आहोत म्हणून सांगितलंत आणि गवती चहाचा पेला पुढे केलात. आडनाव कुणी विचारलं नाही. त्या खोलीत मी पहिल्यांदा खरं बोललो. तशी खोली इथे कुठे असेल का? असली तर शोधायची कशी? तुम्हीच काही करा.

तुमच्या पायांशी जागा राहू द्या.

आपला,
दौलत

---

चिपळूण
ता. २६ ऑक्टोबर २००४

प्रिय दौलत यास,
सप्रेम नमस्कार. आशीर्वाद देण्याइतका मी शहाणा नाही, हे तुला ठाऊक आहेच.

पत्र मिळालं आणि आधी बरं वाटलं. माणूस जोवर उशीतला वास लिहून कळवतो तोवर तो जागेवर आहे. मी एस.टी. चालवायचो तेव्हा कुंभार्ली घाटात हेच शिकलो, की ब्रेक लागत नाही असं वाटलं की आधी मोठ्याने ओरडायचं, लाज मागाहून बाळगायची. मी स्वतः किती वेळा ओरडलोय ते बालवाडीतल्या मोराला विचार.

तुझ्या कामासाठी मुंबईच्या लोकांना लिहिलं. ते म्हणतात, त्या देशात अशा मीटिंगांचे पत्ते कागदावर नसतात, माणसामागून माणूस विचारत जावं लागतं. पण हुफूफ गावात आपल्यातला एक जण आहे, फकरुद्दीन नावाचा, खजुराच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. त्याचा नंबर सोबत जोडलाय. नाव सांगायची त्याची परवानगी आहे. हुफूफ तुझ्यापासून लांब आहे हे मी नकाशात पाहिलं, पण फोनला लांब काही नसतं.

आता तुला आवडणार नाही असं एक. ताईला खरं सांग. खोटं लपवायची आपल्याला जुनी खोड असते, पण तू तर खरं लपवतो आहेस. भिंतीपलीकडे पिंप आहे आणि तू पीत नाहीस, ही तुझी कमाई आहे. ती तू त्या देशाच्या नावावर कशाला जमा करतोस? ताई घाबरेल. घाबरू दे. बायका आपल्यापेक्षा टणक असतात, आपल्याबरोबर राहून राहून झालेल्या असतात.

गुडघे आता त्या खुर्च्यांत मावत नाहीत, म्हणून मी जमिनीवर बसतो. तुझी खुर्ची एक जाडा शिपाई वापरतो, ती तुटेल असं वाटतं. आठवण असू दे, आमची आहेच.

तुझा,
भाऊसाहेब

---

अल खफजी
ता. १९ नोव्हेंबर २००४

ती. स्व. भाऊसाहेब यांस,
शि. सा. न. वि. वि.

हुफूफला फोन केला. दुसऱ्याच कुणी उचलला आणि म्हणाला की फकरुद्दीन रमजानच्या आधीच काम सोडून कायमचा घरी गेला, हैदराबादला. खलास, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी बूथमध्ये रिसीव्हर हातात घेऊन उभाच राहिलो. मागचे लोक खाकरायला लागले.

यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. कॅम्पाला सुट्टी. दुसऱ्या देशात सणाच्या दिवशी रिकामं बसण्यासारखं वाईट काही नसतं. घरी उटणं, पणत्या, रोशनीचा नवा फ्रॉक, ताईच्या चकल्या कडक झाल्या म्हणून भांडण, सगळं चाललं असणार आणि मी पलंगावर छताकडे बघत पडलेला. संध्याकाळी पलीकडच्या खोलीतला एक जण आला आणि दिवाळीच्या शुभेच्छा देऊन माझ्या हातात ग्लास ठेवून गेला. भाऊसाहेब, मी तो घेतला. ओठांपर्यंत नेला नाही, पण खालीही ठेवला नाही. किती वेळ तसा बसलो ते देवाला माहीत. मनात येत होतं की ताईला कळणार नाही. तिच्या मते इथे दारूच नाही, मग मी प्यायलो असं होणारच कसं? इतका सोपा हिशेब आयुष्यात कधी जमला नव्हता.

तेवढ्यात जाफर आत आला. माझ्या हाताकडे बघितलं. कणकेची परात माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला की आज पाहुणे जास्त आहेत, मळून दे. कणीक दोन्ही हातांशिवाय मळता येत नाही. मी ग्लास बाजूला ठेवला. मळून होईपर्यंत जाफरने तो मोरीत ओतून, ग्लास राखेने घासून उपडा घालून ठेवला होता. त्या रात्री त्याच्या पाहुण्यांबरोबर शेवयांची खीर खाल्ली आणि रडू आवरेना. त्याने तेव्हाही विचारलं नाही.

पुढच्या वेळी कणीक नसली तर काय करू? ताईला लिहायला बसतो आणि पत्र फाडतो. मला कुणीतरी भेटलं पाहिजे, भाऊसाहेब, आणि लवकर.

तुमचा,
दौलत

---

॥ श्री ॥

ता. ५ डिसेंबर २००४

चि. दौलत यास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. खालच्या आळीतला उदय तुझ्याच कॅम्पात वायरमन म्हणून येतोय, त्याच्याबरोबर सामान देते आहे. कुळथाचं पीठ, फणसपोळी, आमसुलं, आणि सोलकढीसाठी कोकमाचं आगळ. आगळ यंदा स्वप्नालीने स्वतः काढलंय, रातांबे तिनेच निवडले, मीठ तिनेच घातलं. मी नुसतं भरलं. बाटली कसली ते विचारू नकोस. तुझ्या पराक्रमाच्या बाटल्या माळ्यावर पोतंभर पडल्या आहेत, राखेने घासून घेतल्या की किती मजबूत! दोन वर्षं मी त्यात मध, खोबरेल, रॉकेल सगळं भरते आहे. ही सगळ्यांत चांगली, चौकोनी, घट्ट बुचाची होती, म्हणून प्रवासाला तीच निवडली. थेंब सांडणार नाही.

पत्रात तू हल्ली मोजकंच लिहितोस. थकतोस का? थंडीचं अंगावर घेत जा. सोलकढी पिऊन आम्हा दोघींची आठवण काढ, आणि उचकी लागली तर समज की आम्हीही काढतोय.

तुझी,
शोभाताई

---

अल खफजी
ता. २४ डिसेंबर २००४

ती. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. आधी स्वप्नालीला हाक मार, दोघी मिळून वाचा. मी सुखरूप आहे, नोकरी शाबूत आहे, आता पुढचं.

तुझी बाटली पोचली. विमानतळावर उदयच्या सामानात ती कुणाच्या नजरेला कशी पडली नाही, देव जाणे. पडली असती तर बिचारा तिथूनच परत आला असता. ताई, अगं, आपल्याकडे ज्या बाटलीत आगळ भरतात ती इथे नुसती रिकामी सापडली तरी माणूस गोत्यात येतो! तू पोरांना भूगोल शिकवतेस ना? उदयने मेसमध्ये सगळ्यांसमोर पिशवी उघडली. चौकोनी बाटली, आत काळंलाल. संध्याकाळपर्यंत कॅम्पभर झालं की दौलतकडे अस्सल माल आलाय. शेजारच्या खोलीतले वाटेल तो भाव द्यायला तयार झाले. मी आगळ आहे म्हणून सांगतो आणि ते डोळे मिचकावतात.

मग कॅम्प बॉस ताजुद्दीन आला. हिंदीत त्याने विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं. जाफरने सांगितलं की आमच्याकडे घरोघर असंच भरतात. ताजुद्दीन म्हणाला की तुम्ही दोघे एका खाडीचे, तुमची साक्ष चालणार नाही. पोलिसांना न बोलावता तो आम्हाला बाटलीसकट दवाखान्यात घेऊन गेला, हे त्याचे उपकार. तिथे चित्रा सिस्टर आहेत, वेंगुर्ल्याच्या. त्यांनी बूच काढलं, वास घेतला, चमचाभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मग ताजुद्दीनला म्हणाल्या की हे आगळ आहे, फार चांगलं उतरलंय, आणि यातलं अर्धं मला मिळालं नाही तर मी रिपोर्ट खराब देईन. ताजुद्दीन हसला. तिथेच मिटायचं.

पण त्याने मला विचारलं की काही नव्हतं तर बाटली बघून तू थरथरत का होतास. खरंच थरथरत होतो. तीच बाटली, ताई. तेच बूच. हातात घेतल्याबरोबर ते सगळे दिवस अंगावर आले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मी दारुडा आहे. आता पीत नाही, पण आहे. कॅम्पात रोज मिळते, माझ्या भिंतीपलीकडेच गाळतात, मी घेत नाही, आणि एकट्याने हे आता झेपत नाही. हिंदीत बोललो, सगळ्यांसमोर.

तर हे आता तुलाही कळलं. हा मुलूख कोरडा नाही. मी आल्या दिवसापासून पिंपाशेजारी झोपतो. तुमचा विश्वास मोडेल म्हणून लिहीत नव्हतो. वरच्या आळीतल्या त्या माउलीला सांग, पोराला इथे पाठवू नकोस, चिपळूणच्या मीटिंगला पाठव. शेजारच्या खोलीचं मी मुद्दाम काढलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी पिंप गेलं. ते लोक माझ्याशी बोलत नाहीत.

जाफर परत येताना एवढंच म्हणाला की त्याला आधीपासून माहीत होतं, आणि आज रात्री सोलकढी कर. केली. आईची चव आली. स्वप्नालीला सांग.

आता तू काय म्हणशील ते म्हण. मी इथे मान खाली घालून उभा आहे असं समज.

तुझा,
दौलत

---

अल खफजी
ता. १४ जानेवारी २००५, संक्रांत

ती. स्व. भाऊसाहेब यांस,
शि. सा. न. वि. वि. तिळगूळ घ्या. जाफरने तीळ आणले, गूळ मिळाला नाही, साखरेचे लाडू फुटले.

मीटिंग मिळाली! बाटलीचं रामायण ताईने तुम्हाला सांगितलंच असेल. त्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर सिस्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघायच्या निमित्ताने थांबवून घेतलं आणि पट्टा आवळता आवळता हळूच सांगितलं की शुक्रवारी दुपारी आमच्या क्वार्टरवर या, माझे यजमान आणि आणखी चार जण बसतात. मी दर महिन्याला त्या दवाखान्यात जात होतो, भाऊसाहेब. हुफूफला फोन काय, मुंबईला पत्रं काय! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मी तोंड उघडल्याशिवाय त्यांनी तरी मला कसं सांगावं?

तिथे चपला दाराबाहेर काढत नाहीत, गर्दी दिसू नये म्हणून आत पेपरवर ठेवतात. कोण कोण होते ते लिहीत नाही, आपला नियम. वेगवेगळ्या देशांचे आहेत एवढंच. कुणी इंग्रजीत बोलतो, कुणी हिंदीत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की मला नीट बोलता येणार नाही. यजमान म्हणाले की घरी बोलतोस तसं बोल. मी मराठीत बोललो. ते एक सोडले तर कुणाला शब्द कळला नसेल. भाताच्या कणगीत हात घालून बाटली कशी लपवायचो ते दाखवलं, तर सगळे हसले. चिपळूणला हसायचे तिथेच हसले. पालखीचं सांगताना खांदा असा खाली गेला म्हणून दाखवला, तेव्हा समोरचा पांढऱ्या केसांचा गोरा माणूस खाली बघायला लागला. खिडकीतून समुद्र दिसत होता. मला तर गाजर आणि मोर दिसत होते.

आज दुसरा शुक्रवार झाला. कॅम्पाच्या बसने जाता येतं. ताईचं उत्तर अजून आलेलं नाही. तिची वाट बघतोय, आणि भीतीही वाटते. तरी जीव खाली बसलाय. तुमची कृपा, आणि ती यापुढेही चालू द्या.

तुमचा,
दौलत

---

॥ श्री ॥

ता. २३ जानेवारी २००५

चि. दौलत यास,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आधी राग आला, तुझा आणि माझाही. भूगोलाची मास्तरीण आणि कसली बाटली पाठवून बसले! तुला अटक झाली असती तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. भंगारवाल्याला बोलावून माळ्यावरचं सगळं पोतं देऊन टाकलं. घेताना तो म्हणाला की चांगला माल आहे, ठेवा, आगळाला उपयोगी पडेल. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग राग गेला आणि रडू आलं. अरे, मी गावभर सौदीचं कौतुक करत हिंडत होते, आणि तू भिंतीपलीकडचा तो वास घेत, भाऊसाहेबांकडून आज कळलं तसं, तोंडावर उशी दाबून दिवस काढत होतास. आणि वर आम्ही तुला येऊ नकोस म्हणून लिहीत होतो. माझ्या धाकट्या भावाचं कौतुक मी एका देशाला देत बसले. मला कळलं नाही रे.

आज चिपळूणला गेले. भाऊसाहेबांनी मला मागे बसू दिलं. त्या इवल्या खुर्चीवर बसून मी दोन तास ऐकलं. तू कधीच सांगितलं नाहीस की तिथे एवढं हसतात. परत येताना एस.टी.त वरच्या आळीतली ती बाई आणि तिचा मुलगा माझ्याबरोबर होते. मीच त्यांना घेऊन गेले होते. पुढच्या रविवारी तो एकटा जाईल म्हणतो.

स्वप्नालीने तुझं पत्र पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं, मग मागून घेतलं. अजून परत दिलेलं नाही. मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. तिचं तिला ठरवू दे. तोवर ही बहीण तुझ्या पाठीशी आहे, आणि जरा उशिरा आली म्हणून तिला बोल लावू नकोस.

तुझी,
शोभाताई

---

ता. ६ फेब्रुवारी २००५

रोशनीच्या बाबांना,
स. न. वि. वि.

मला ताईंसारखं लिहिता येत नाही. चुका झाल्या तर हसू नका.

आगळ चांगलं उतरलं होतं म्हणून लिहिलंत, ते वाचलं. यंदा रातांबे लवकर धरलेत. रोशनीला दात दुखत होता, काढला. गाय व्याली, पाडी झाली.

मी तुम्हाला दोन वर्षं तिकडेच थांबा म्हणून सांगितलं, कारण मला वाटायचं की तिकडे नाही म्हणून तुम्ही घेत नाही. इकडे आलात की पुन्हा तेच. पुन्हा माहेरचा रस्ता धरायची ताकद आता माझ्यात नाही, म्हणून तुम्ही लांबच बरे वाटायचे. तुमचं पत्र मी एकटीने परत परत वाचलं. ग्लासाचं भाऊसाहेबांनी ताईंना सांगितलं, ताईंनी मला. हातात घेतलात तेही सांगितलं. मला ते खरं सांगितलेलं बरं वाटलं. जाफरभाईंना माझा सलाम सांगा.

शिमग्याला काय चालतं ते मला माहीत आहे. सगळे पितील. तुमचे जुने सोबती घाटीवर तुमची वाट अडवतील. कुणी हसतीलही. मी ताईंना सांगितलं की मला त्याची भीती वाटते, आणि वाटत राहील, ती काही एका दिवसात जायची नाही. पण पालखी आपल्या अंगणात आली की आपल्या घरचा खांदा नसतो. तीन वर्षं शेजारचे देतात. मी ओटीचं ताट घेऊन उभी राहते आणि खाली बघते. यंदा मला वर बघायचं आहे.

पावसाळ्यात नको, मे महिन्यात नको. शिमग्यालाच या. रजेचा अर्ज टाका आणि तारीख कळवा, म्हणजे अंगण सारवायला घेते.

जपून या. वाट बघते.

तुमची,
स्वप्नाली